पहाटे ४ वाजून ५७ मिनिटे

गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळते. तिच्या गिटलॅब डॉट कॉम या सेवेचा मुख्य डेटाबेस ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री पुसला गेला. पुसला गेल्यावर शोधाशोध झाली तेव्हा कळले की बॅकअपसाठी उभ्या केलेल्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. कंपनीने काही लपवले नाही. अभियंत्यांच्या नोंदी त्याच रात्री सगळ्या जगाला वाचायला खुल्या केल्या आणि १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल दिला. म्हणून त्या रात्रीचे तास आज एकामागून एक मांडता येतात.

खालच्या सगळ्या वेळा सुरतेच्या घड्याळाच्या, म्हणजे भारतीय वेळेच्या आहेत. मी हे सुरतेतल्या मराठी माणसांसाठी लिहितो आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज उधना, लिंबायत, डिंडोलीत राहते. आधीची पिढी लूमवर आणि डाइंग मिलमध्ये राबली. आताची मुले-मुली रिंग रोडच्या कापड मार्केटांत, हिऱ्यांच्या ऑफिसांत, दवाखान्यांत संगणक सांभाळतात. शेठ विचारतात, “बॅकअप घेतोस ना?” मुलगा म्हणतो, “हो शेठ, रोज रात्री आपोआप होतो.” त्या ‘आपोआप’च्या आत काय काय बिघडलेले असू शकते, ते या एका रात्रीत दिसते.

मंगळवार, रात्री १०.५०. उरले सहा तास

युरोपातला एक अभियंता संध्याकाळी कामाला बसला आहे. डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांवर कसा वाटता येईल, याची चाचणी त्याला करायची आहे. चाचणी खऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसवर करता येत नाही, त्यासाठी ‘स्टेजिंग’ नावाची वेगळी यंत्रणा आहे. तिथला डेटा ताजा हवा म्हणून तो मुख्य डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेतो आणि स्टेजिंगवर चढवतो.

लिनक्समधली ही सोय फार कामाची आहे. स्नॅपशॉट घेताना सगळी डिस्क नव्याने उतरवली जात नाही. त्या क्षणाची स्थिती गोठवली जाते, आणि नंतर जो भाग बदलेल त्याची जुनी प्रत तेवढी बाजूला ठेवली जाते. त्यामुळे शेकडो जीबींच्या डेटाबेसचाही स्नॅपशॉट पाहता पाहता तयार होतो, आणि काम थांबवावे लागत नाही.

गिटलॅबमध्ये असा स्नॅपशॉट दर २४ तासांनी आपोआप घेतला जाई. या माणसाने तो मध्येच हाताने घेतला, केवळ स्वतःच्या चाचणीच्या सोयीसाठी. ही वेळ वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे जे काही वाचले, ते या १०.५० मुळे वाचले.

मध्यरात्रीनंतर १२.३०. उरले साडेचार तास

डेटाबेसवरचा ताण वाढू लागतो. स्पॅम करणारे लोक धडाधड मजकूर टाकत असावेत असा सगळ्यांचा अंदाज. नंतरच्या तपासात आणखी एक कारण सापडले. कुणी खोडसाळपणे गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती आणि ते खाते पुसण्याचे काम पार्श्वभूमीत चालू झाले होते. ग्राहकांना कमेंट टाकता येईना.

पहाटे २.३०. उरले अडीच तास

ताण आणखी चढतो. आयपी पत्ते अडवले जातात, स्पॅम करणारी खाती काढली जातात. एकाच खात्याने ४७,००० आयपी पत्त्यांवरून प्रवेश केल्याचे दिसते, तेही खाते काढले जाते. हे सगळे रोजच्या झटापटीतले काम आहे. डेटा जाईल अशी भीती या वेळी कुणाच्याही मनात नाही, आणि तशी शंका यावी असे समोर काही दिसतही नव्हते.

पहाटे ३.३०. उरला दीड तास

आता धोक्याची सूचना वाजते. मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला आहे, सुमारे ४ जीबीने.

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितो. तिला ‘वॉल’ म्हणतात. दुय्यम सर्व्हर या नोंदी वाचत वाचत मुख्य सर्व्हरच्या बरोबरीने चालतो. मुख्य सर्व्हर जुन्या नोंदी कायम ठेवत नाही, ठरावीक मर्यादेनंतर काढून टाकतो. त्या रात्री ताण इतका होता की दुय्यम सर्व्हरने वाचण्याआधीच नोंदी निघून गेल्या. धागा तुटला.

यावर उपाय पोस्टग्रेसमध्येच आहे. या नोंदी काढून टाकण्याआधी दुसरीकडे जपून ठेवण्याची सोय, म्हणजे वॉल आर्कायव्हिंग. ती चालू असती तर दुय्यम सर्व्हरने तिथून नोंदी उचलल्या असत्या. शिवाय एखादी जुनी पूर्ण प्रत आणि या नोंदी हाताशी असल्या, की डेटाबेस कोणत्याही मिनिटापर्यंत पुन्हा उभा करता येतो. गिटलॅबने ती वापरली नव्हती. साधनाची अशी पुढची वैशिष्ट्ये आपण ‘पुढे कधीतरी बघू’ म्हणून सोडतो. माझ्या मते त्या रात्रीचे खरे नुकसान तिथे, कितीतरी आधी झाले होते.

सूचना वाजली तेव्हा अभियंत्याकडे रात्रीचे ११ वाजले होते. आता उशीर झाला, मी निघतो, असे तो सहकाऱ्यांना म्हणाला होता. नेमका हा बिघाड समोर आला आणि तो थांबला.

पहाटे ४ च्या पुढे. उरला तासाहून कमी वेळ

धागा तुटला की दुय्यम सर्व्हरचा डेटा पूर्ण काढायचा आणि ‘पीजी बेसबॅकअप’ या कमांडने मुख्य सर्व्हरवरून नवी प्रत आणायची, ही ठरलेली पद्धत आहे. तो दुय्यम सर्व्हरची डेटा डिरेक्टरी रिकामी करतो आणि कमांड देतो. मुख्य सर्व्हर नकार देतो, प्रती पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा कमी पडते आहे म्हणून. तो ती मर्यादा ३२ वर नेतो आणि डेटाबेस पुन्हा चालू करतो. आता डेटाबेसच चालू होईना. एकूण जोडण्यांची मर्यादा ८,००० ठेवलेली असते, ती तो २,००० वर आणतो. डेटाबेस उठतो.

पुन्हा बेसबॅकअप. या वेळी चूक दाखवली जात नाही, पण काम झाल्याची खूणही दिसत नाही. कमांड नुसती थांबून राहते. अधिक तपशील दाखवण्याचा पर्याय देऊनही पडद्यावर एक अक्षर उमटत नाही.

वास्तविक ती कमांड बरोबर चालली होती. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत ती गप्प बसून राहते, हा तिचा स्वभाव आहे. कंपनीच्या कार्यपुस्तिकेत हे लिहिलेले नव्हते, अधिकृत दस्तऐवजातही स्पष्ट नव्हते. या कमांडला ‘चेकपॉइंट फास्ट’ असा एक पर्याय देता येतो. तो दिला की मुख्य सर्व्हर आपला चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचे काम, सावकाश न करता ताबडतोब करतो, आणि सुरुवातीची वाट पाहणे पुष्कळ कमी होते. पण मध्यरात्री, थकलेल्या माणसाला, गप्प बसलेल्या पडद्यासमोर असे पर्याय आठवत नाहीत. त्याची त्या वेळची वैतागाची अवस्था गिटलॅबच्या नोंदींत लिहिलेली आहे. ती वाचताना मला त्याची फार कणव आली. बॅकअपच्या बाबतीत गप्प साधन हे मोडक्या साधनाहून घातक असते. मोडलेले साधन निदान दुसरा रस्ता शोधायला लावते, गप्प साधन माणसाला अंदाज बांधायला लावते.

त्याने अंदाज बांधला. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांनी डेटा डिरेक्टरीत काही फायली सोडल्या असतील, म्हणून ही कमांड अडून बसली असेल. मग डिरेक्टरी पुन्हा पूर्ण काढून टाकावी.

पहाटे ४.५७. शून्य

‘आरएम’ ही लिनक्सची पुसण्याची कमांड. तिला दोन अक्षरांची जोड दिली की ती आतल्या सगळ्या डिरेक्टऱ्यांसह, एकदाही न विचारता पुसते. त्याने ती दिली.

एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले. टर्मिनलच्या ज्या खिडकीत त्याने कमांड दिली, ती दुय्यम सर्व्हरची नव्हती. मुख्य सर्व्हरची होती. दोन्हींच्या नावांत फरक एका आकड्याचा, एकीकडे डीबी-१ आणि दुसरीकडे डीबी-२.

४ वाजून ५७ मिनिटांची नोंद सांगते की त्याने पुसणे थांबवले. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

दुय्यम सर्व्हरवर आता काही नव्हते, कारण नवी प्रत आणायची म्हणून तो त्यानेच आधी रिकामा केला होता. आणि समजा तो चांगला चालू असता, तरी अशा व्यवस्थेवर बॅकअप म्हणून विसंबता येत नाही. ती आरशासारखी आहे. कुणी चुकून डेटाबेसमधली नोंद पुसली, तर पुढच्या क्षणी आरशातूनही ती पुसली जाते. यंत्र बंद पडले तर आरसा उपयोगी पडतो. माणूस चुकला तर त्याचा उपयोग नाही.

पहाटे ५ नंतर

आता बॅकअप शोधायचे.

पहिला शोध रोजच्या ‘पीजी डंप’चा. दर २४ तासांनी डेटाबेसची पूर्ण प्रत काढून अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत ठेवायची, अशी व्यवस्था होती. साठवण उघडली तर ती रिकामी.

कारण समजून घेण्यासारखे आहे. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता. बॅकअपची कमांड मात्र ज्या सर्व्हरवर चालत होती, तिथे डेटाबेसची डिरेक्टरी नसल्यामुळे सॉफ्टवेअरने आपणहून ९.२ आवृत्तीचे साधन निवडले होते. जुन्या आवृत्तीच्या पीजी डंपने नव्या आवृत्तीच्या डेटाबेसची प्रत काढता येत नाही. ते चूक दाखवून थांबते. म्हणजे साधनाने आपले काम प्रामाणिकपणे केले होते. प्रत काढता येत नाही, असे ते रोज सांगत होते.

मग कुणी ऐकले का नाही? ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनचे काम फसले की ईमेल जाते. तशी ईमेल जात होती. पण त्या ईमेलांवर डीमार्कच्या, म्हणजे पाठवणारा खरा आहे का हे पडताळण्याच्या, नियमानुसार सही नव्हती, म्हणून स्वीकारणाऱ्या सर्व्हरने त्या नाकारल्या. त्या कुणाच्याही डोळ्यांखाली आल्या नाहीत. ईमेल येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे धरून सगळे चालले होते.

दुसरा शोध अ‍ॅझूर क्लाउडच्या डिस्क स्नॅपशॉटचा. फायली ठेवणाऱ्या सर्व्हरांसाठी ते चालू होते. डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी चालू केलेलेच नव्हते, कारण बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असे वाटले होते. प्रत्येक व्यवस्था दुसरीच्या भरवशावर उभी होती.

तिसरा शोध एलव्हीएम स्नॅपशॉटचा. आपोआप घेतलेला शेवटचा स्नॅपशॉट जवळजवळ एक दिवस जुना होता. आणि मग हाताने घेतलेला, रात्री १०.५० चा, स्टेजिंगवर पडून असलेला.

जगातल्या नामांकित कंपनीच्या हाती शेवटी जे लागले, ते चाचणीसाठी घेतलेल्या एका प्रतीचे उरलेले. कुणी ते बॅकअप म्हणून घेतले नव्हते. त्या अभियंत्याने संध्याकाळी ते काम हाती घेतले नसते, तर सहाऐवजी जवळपास २४ तासांचा डेटा गेला असता. ज्या माणसाच्या हातून पुसले गेले, त्याच्याच हातून वाचले.

बुधवार, सकाळ ते संध्याकाळ

प्रत सापडली म्हणजे काम संपले असे होत नाही. स्टेजिंगच्या डिस्क स्वस्त आणि संथ होत्या. तिथून डेटा मुख्य सर्व्हरवर आणायला सुमारे १८ तास लागले. गिटलॅबने हे काम यूट्यूबवर थेट दाखवले. हजारो लोक एका प्रगतीच्या टक्केवारीकडे पाहत बसले होते.

हे १८ तास चालू असताना मी वाचकाला सुरतेच्या स्वतःच्या घटनाक्रमाकडे नेतो. त्याची तारीख ७ ते ९ ऑगस्ट २००६.

तापीच्या पाणलोटात, त्यात आपला खानदेशही आला, मुसळधार पाऊस झाला होता. उकाई धरण सुरतेपासून सुमारे १०० किलोमीटर वर. तिथून पाणी सोडावे लागले आणि विसर्ग ९ लाख क्युसेकच्या वर गेला. धरणातून सुटलेले पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. माणसे वरच्या मजल्यावर न्यायला तेवढे तास पुरतात. कपाटे, फायली, सर्व्हर हलवायला पुरत नाहीत. शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर, कतारगाममध्ये लोक कित्येक दिवस वीज आणि पिण्याच्या पाण्याविना वरच्या मजल्यांवर अडकून पडले. कितीतरी माणसे गेली. त्या दुःखापुढे कागदपत्रांचे दुःख छोटे आहे, हे मला कळते. तरी पूर ओसरल्यावर ज्या घरांनी आणि दुकानांनी आयुष्य पुन्हा सुरू केले, त्यांना दस्त, उधारीच्या वह्या, दाखले, औषधांच्या फायली लागल्या. तळमजल्यावरचे सगळे चिखलात गेले होते. मूळ प्रत तळमजल्यावर आणि तिची नक्कलही तळमजल्यावर, शेजारच्या कपाटात.

दुसरी तारीख फेब्रुवारी २०२५. रिंग रोडवरच्या शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटला आग लागली आणि शेकडो दुकाने जळाली. ज्या दुकानाचा संगणक काउंटरवर आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह काउंटरच्या खणात, त्याला दोन्ही एकाच आगीत गमवावे लागतात.

गिटलॅबच्या प्रती दूर ठेवायची व्यवस्था होती, पण दूरची जागा रिकामी होती. सुरतेत प्रती चांगल्या होत्या, पण दूर नव्हत्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी, हा जुना नियम आपण पाठ म्हणतो. पूर आणि आग पाहिलेल्या या शहरात ‘वेगळ्या जागी’ याचा अर्थ वेगळ्या इमारतीत, आणि शक्य तर नदीपासून दूर, असा घ्यायला हवा.

तुमच्या टर्मिनलवरच्या साधनांत यासाठी काय आहे, ते इथेच सांगतो.

‘आरसिंक’ बहुतेकांना ठाऊक आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये आणले. फायलीचा बदललेला भाग तेवढा पाठवते, म्हणून सुरतेच्या दुकानातून जळगावच्या घरच्या संगणकावरही रोज प्रत जाऊ शकते. त्यात ‘डिलीट’ हा पर्याय आहे. मूळ जागी जे नाही, ते प्रतीतूनही काढून टाकतो. कुणी हा पर्याय लावून रात्रीचे काम ठरवले, आणि एका रात्री मूळ डिस्क जोडलीच गेली नाही, तर आरसिंकला मूळ जागी रिकामी डिरेक्टरी दिसते. ते आज्ञाधारकपणे प्रतही रिकामी करते. म्हणून ‘ड्राय रन’ने आधी नुसते वाचून पाहावे. ‘मॅक्स डिलीट’ देऊन एका वेळी किती फायली पुसू द्यायच्या याला हद्द घालावी. पुसल्या जाणाऱ्या किंवा बदलणाऱ्या फायली ‘बॅकअप डिर’ देऊन बाजूला काढून ठेवाव्यात. ‘लिंक डेस्ट’ वापरले तर रोजची वेगळी डिरेक्टरी मिळते, आणि न बदललेल्या फायली पुन्हा जागा खात नाहीत. मग कालची प्रतही असते आणि मागच्या मंगळवारचीही.

‘रेस्टिक’ याच्या पुढे जाते. ते फायलींचे तुकडे करते, एकच तुकडा दोनदा साठवत नाही, आणि सगळे कुलूपबंद करून ठेवते. त्याचा पासवर्ड हरवला तर डेटा कुणालाच परत मिळत नाही. पासवर्ड कागदावर लिहून शेठच्या लॉकरमध्ये ठेवा. जुन्या प्रती किती राखायच्या हे ‘फर्गेट’ ठरवते, उदाहरणार्थ रोजच्या ७, आठवड्याच्या ५, महिन्याच्या १२. प्रत्यक्ष जागा मोकळी करणारे काम ‘प्रून’ करते, त्यानंतर माघार नाही. यालाही ड्राय रन आहे, तो वापरा. ‘चेक’ ही कमांड आपली आपण दिली तर साठवणीची रचना तपासते, आतला डेटा वाचत नाही. ‘रीड डेटा सबसेट’ देऊन दर आठवड्याला थोडा थोडा भाग खरोखर वाचून घ्यावा लागतो. डिस्कचा कोपरा सडला असेल तर तो तेव्हाच सापडतो. दूरच्या संगणकावर रेस्टिकचा सर्व्हर ‘अपेंड ओन्ली’ पद्धतीने चालवला, तर दुकानाच्या संगणकावरून तिथे नवी भर घालता येते, जुने पुसता येत नाही. दुकानाच्या संगणकात खंडणी मागणारा व्हायरस शिरला, किंवा तिथे बसलेल्या माणसाचा हात चुकला, तरी दूरची प्रत शाबूत राहते.

एक गोष्ट गिटलॅबच्या त्या न पोचलेल्या ईमेलांतून थेट आपल्यासाठी येते. बॅकअप फसल्यावर निरोप यावा, ही मांडणीच उलटी करा. बॅकअप यशस्वी झाला, त्यात इतक्या फायली आणि इतके एमबी आले, असा निरोप रोज सकाळी यायला हवा. तो आला नाही की उठून बघायचे. रेस्टिकला काही फायली वाचता आल्या नाहीत तर ते काम संपवताना ३ हा संकेत देते. तुमची स्क्रिप्ट तो वाचते का? वाचत नसेल, तर उघडा असलेला हिशेब कित्येक महिने प्रतीत येतच नसेल आणि पडद्यावर ‘पूर्ण’ दिसत राहील. हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू असताना त्याच्या फायली नुसत्या उचलल्या, तर प्रत अर्धवट निघू शकते. आधी सॉफ्टवेअर बंद करा, किंवा त्याच्यातलीच बॅकअपची सोय वापरा आणि तिने काढलेली फाइल बाहेर पाठवा. गिटलॅबही डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलत नव्हती, पीजी डंप वापरत होती. विचार बरोबर होता. देखरेख नव्हती.

बुधवार, १ फेब्रुवारी, रात्री ११.४४

गिटलॅब डॉट कॉम पुन्हा सुरू झाले. मंगळवारी रात्री १०.५० ते बुधवारी पहाटे ५.३० या वेळात डेटाबेसमध्ये जे जे लिहिले गेले, ते गेले. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० कमेंट आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ लागली. लोकांचा कोड वाचला, कारण तो डेटाबेसमध्ये नव्हता, वेगळ्या सर्व्हरांवर होता.

कंपनीने त्या अभियंत्याला दोषी ठरवून हात झटकले नाहीत. अहवालात त्याचे नावही नाही. पुढे काय करायचे त्याची जी यादी तिथे आहे, तिच्यातल्या तीन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. प्रत्येक सर्व्हरच्या टर्मिनलवर आपण नेमके कुठे आहोत हे ठळक दिसले पाहिजे. डेटा टिकवण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे असली पाहिजे. बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करण्याची चाचणी आपोआप, नियमित झाली पाहिजे. पहिली गोष्ट सुरतेतल्या कुठल्याही ऑफिसात अर्ध्या तासात होते. खऱ्या सर्व्हरच्या टर्मिनलचा रंग लाल करा, चाचणीच्या सर्व्हरचा हिरवा.

दुसरी गोष्ट शेठांनी करायची आहे. बॅकअप सांभाळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्या कामाचा वेळ द्या, वेगळ्या जागी ठेवायच्या डिस्कचे पैसे द्या. रात्री उशिरापर्यंत जागवून त्यांच्याकडून पुसण्याची कामे करून घेऊ नका.

तिसरी गोष्ट, मित्रांनो, तुमची आहे, आणि ती आज रात्रीच करा. बॅकअपमधून एक वही, एक डेटाबेस, जे काही तुमच्याकडे सांभाळायला आहे ते दुसऱ्या संगणकावर, वेगळ्या डिरेक्टरीत परत आणा. उघडा. मागच्या आठवड्यातले एक बिल त्यात शोधा. परत आणायला किती वेळ लागला तो मोजा, आजच्या तारखेसह कागदावर लिहा, आणि उद्या सकाळी तो कागद शेठच्या हातात द्या.